चार्ल्स केटरिंग

चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग (२९ ऑगस्ट १८७६ – नोव्हेंबर १९५८) हे अमेरिकन विद्युत अभियंता, संशोधक आणि उद्योजक होते. मोटारगाडीचे इंजिन हँडल न मारता विजेवर सुरू करणारी पहिली व्यवहार्य यंत्रणा त्यांनी विकसित केली आणि ती १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत बसवण्यात आली. इंजिन सुरू करणे, सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणे, दिवे लावणे आणि बॅटरी पुन्हा भरणे ही कामे एकाच विद्युत यंत्रणेत गुंफल्यामुळे मोटारगाडी हे स्वतःपुरती वीज निर्माण करणारे वाहन बनले. पुढे गाडीत आलेले रेडिओ, पंखे आणि आजचे मोबाइल चार्जर याच यंत्रणेवर चालतात. १९२० ते १९४७ या काळात केटरिंग जनरल मोटर्स कंपनीच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते. त्यांच्या नावावर १८६ एकस्वे (पेटंट) नोंदली गेली. शिसेयुक्त पेट्रोलच्या प्रसारातील सहभागामुळे त्यांच्या कार्याचे मूल्यमापन मात्र संमिश्र राहिले आहे.

बालपण आणि शिक्षण

केटरिंग यांचा जन्म अमेरिकेच्या ओहायो राज्यातील लाउडनव्हिल या गावाजवळ एका शेतकरी कुटुंबात झाला. जेकब आणि मार्था केटरिंग यांच्या पाच अपत्यांपैकी ते चौथे. लहानपणापासून त्यांची दृष्टी अधू होती आणि वाचन केले की डोके दुखत असे. शालेय शिक्षण संपल्यावर त्यांनी काही काळ ग्रामीण शाळेत शिक्षक म्हणून काम केले. त्यानंतर वुस्टर येथील महाविद्यालयात आणि पुढे ओहायो राज्य विद्यापीठात त्यांनी प्रवेश घेतला. परंतु डोळ्यांच्या त्रासामुळे त्यांना शिक्षण मध्येच सोडावे लागले.

या खंडाच्या काळात ते टेलिफोनचे खांब उभारणाऱ्या व तारा ओढणाऱ्या टोळीत रुजू झाले आणि लवकरच तिचे मुकादम झाले. टेलिफोनच्या कामातून बॅटरी, विद्युतचुंबक व जोडण्या यांचा त्यांना प्रत्यक्ष परिचय झाला. प्रकृती सुधारल्यावर ते विद्यापीठात परतले आणि १९०४ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, विद्युत अभियांत्रिकीचे पदवीधर झाले.

नॅशनल कॅश रजिस्टर कंपनी

पदवीनंतर केटरिंग डेटन शहरातील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीच्या संशोधन विभागात दाखल झाले. दुकानांत विक्रीची नोंद करणारी आणि पैशांचा खण उघडणारी त्या काळची यंत्रे हाताने दांडा फिरवून चालवावी लागत. ती विजेवर चालवण्याचे काम केटरिंग यांच्याकडे आले. अडचण अशी होती की, नेहमीच्या हिशेबाने निवडलेली मोटार या यंत्रासाठी फार मोठी ठरत असे.

केटरिंग यांनी हा हिशेबच बदलला. खण उघडण्याचे काम क्षणभराचे असते आणि दोन वेळांच्या मध्ये मोटारीला थंड होण्यास भरपूर अवधी मिळतो. म्हणून अखंड चालण्यास असमर्थ असलेली लहान मोटार काही क्षणांपुरता मोठा भार पेलू शकते, हे त्यांनी ओळखले. विद्युत मोटार भाराखाली जळते ती मुख्यतः साठत जाणाऱ्या उष्णतेमुळे. उष्णता साठण्यापूर्वीच काम संपले तर तिला इजा होत नाही. हेच तत्त्व पुढे त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध शोधाचा पाया ठरले.

डेल्कोची स्थापना

याच कंपनीतील वरिष्ठ सहकारी एडवर्ड डीड्स यांच्या घरामागे एक कोठार होते. तेथे रात्री आणि सुटीच्या दिवशी केटरिंग आणि कंपनीतील काही तंत्रज्ञ मोटारगाडीच्या विद्युत भागांवर प्रयोग करीत. त्यांचा पहिला विषय प्रज्वलनाचा, म्हणजे सिलिंडरमधील इंधन पेटवणाऱ्या ठिणगीचा होता. त्या काळी ही ठिणगी इंजिनावर फिरणाऱ्या मॅग्नेटोतून किंवा लवकर संपणाऱ्या कोरड्या घटांमधून मिळवली जात असे. केटरिंग यांच्या योजनेत बॅटरीचा कमी दाबाचा प्रवाह एका कॉइलमधून जात असे. इंजिनाच्या गतीशी जुळवलेले संपर्कबिंदू तो नेमक्या क्षणी तोडत आणि त्यामुळे कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात उच्च दाब निर्माण होऊन एकच जोरदार ठिणगी पडत असे. संपर्कबिंदू आणि कॉइल यांवर आधारलेली ही पद्धत केटरिंग प्रज्वलन या नावानेही ओळखली जाते. इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन रूढ होईपर्यंत जगभरच्या पेट्रोल गाड्यांत ती वापरात होती.

कॅडिलॅक कंपनीचे प्रमुख हेन्री लेलँड यांनी ही यंत्रणा आपल्या गाड्यांसाठी स्वीकारली. १९०९ मध्ये केटरिंग यांनी नोकरी सोडली आणि डीड्स यांच्यासह डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी स्थापन केली. कंपनीच्या नावातील आद्याक्षरांवरून डेल्को हे नाव रूढ झाले.

सेल्फ स्टार्टर

गाडीच्या पुढील भागात हँडल घालून इंजिन फिरवणे हे कष्टाचे आणि धोक्याचे काम होते. ठिणगी वेळेआधी पडली तर हँडल उलट फिरून हात किंवा मनगट मोडण्याचे प्रकार घडत. लेलँड यांचे परिचित, कार्टरकार गाडीचे निर्माते बायरन कार्टर हे अशाच एका प्रसंगी जखमी होऊन पुढे दगावले आणि त्यामुळे लेलँड यांनी विजेवर चालणाऱ्या आरंभक यंत्राचा आग्रह धरला, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. तिच्या तपशिलांबाबत अभ्यासकांत एकमत नाही.

विजेवर इंजिन सुरू करण्याची कल्पना नवी नव्हती. क्लाइड कोलमन या संशोधकाने १९०३ मध्येच तिचे एकस्व मिळवले होते. परंतु प्रत्यक्ष गाडीत मावेल आणि रोज चालेल असे यंत्र तयार झाले नव्हते. इंजिन फिरवण्याजोगी मोटार जवळजवळ इंजिनाएवढीच मोठी लागेल आणि तिला पुरेल एवढी बॅटरी गाडीत नेता येणार नाही, असा समज होता. केटरिंग यांनी येथे कॅश रजिस्टरचा अनुभव वापरला. इंजिन सुरू होण्यास काही सेकंदच लागतात. तेवढ्या अवधीपुरता लहान मोटारीवर तिच्या नेहमीच्या क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक भार टाकता येतो आणि बॅटरीकडूनही तेवढ्यापुरता मोठा प्रवाह घेता येतो.

१९११ च्या प्रारंभी ही यंत्रणा चाचणीसाठी कॅडिलॅककडे गेली आणि १९१२ च्या गाड्यांत ती मूळ रचनेचा भाग म्हणून देण्यात आली. दिवे व आरंभक यांच्या या विद्युत यंत्रणेसाठी कॅडिलॅकला ब्रिटनमधील प्रतिष्ठेचा ड्यूअर चषक दुसऱ्यांदा मिळाला. केटरिंग यांच्या आरंभक यंत्राचे एकस्व १७ ऑगस्ट १९१५ रोजी मंजूर झाले.

हँडल फिरवण्यासाठी लागणारी अंगमेहनत टळल्याने गाडी चालवणाऱ्यांचा वर्ग विस्तारला. स्त्रियांना आणि वृद्धांना मदतनीसाविना गाडी बाहेर काढणे शक्य झाले. हँडल मारावे लागत नाही, ही बॅटरीवर चालणाऱ्या तत्कालीन विद्युत मोटारींची मोठी जमेची बाजू होती. ती नाहीशी झाल्याने त्या गाड्यांची मागणी ओसरली. फोर्डच्या मॉडेल टी या सर्वाधिक खपाच्या गाडीतही १९१९ पासून सेल्फ स्टार्टर मिळू लागला.

यंत्रणेची रचना

केटरिंग यांच्या यंत्रणेचे महत्त्व केवळ आरंभक मोटारीत नव्हते. सुरुवातीच्या रचनेत मोटार व डायनॅमो हे एकच यंत्र होते. चालकाने कळ दाबली की ते मोटार म्हणून इंजिन फिरवत असे, आणि इंजिन सुरू झाले की तेच यंत्र उलट इंजिनाकडून फिरवले जाऊन वीज निर्माण करत असे. इंजिन फिरवताना बॅटरीचे कप्पे एकापुढे एक जोडून २४ व्होल्टचा दाब मिळवला जाई. इतर वेळी ते समांतर जोडले जात आणि दिवे व चार्जिंग यांसाठी ६ व्होल्टचा दाब वापरला जाई. पुढे ही गुंतागुंत टाळण्यासाठी आरंभक मोटार आणि डायनॅमो वेगळे करण्यात आले. १९५० च्या दशकापर्यंत बहुतेक अमेरिकन गाड्यांत ६ व्होल्टची यंत्रणा कायम राहिली.

इंजिन बंद असताना किंवा अगदी मंद फिरत असताना डायनॅमोचा दाब बॅटरीपेक्षा कमी असतो. अशा वेळी प्रवाह उलट वाहून बॅटरी रिकामी होऊ नये म्हणून कटआउट नावाचा स्वयंचलित खटका डायनॅमोला बॅटरीपासून अलग करतो. या रचनेमुळे कार्बाइडच्या वायूवर जळणारे दिवे मागे पडले आणि गाडीतील विजेचा सारा जमाखर्च बॅटरीभोवती फिरू लागला.

डेल्को-लाइट

पहिल्या महायुद्धाच्या काळात ग्रामीण अमेरिकेतील बहुसंख्य घरांत वीज पोहोचलेली नव्हती. केटरिंग यांनी मोटारगाडीतील रचनाच शेतघरांसाठी वापरली. लहान इंजिन, डायनॅमो आणि काचेच्या भांड्यांतील बॅटरीसंच यांचे मिळून डेल्को-लाइट हे ३२ व्होल्टचे घरगुती वीजकेंद्र १९१६ पासून विकले जाऊ लागले. दिव्यांबरोबरच पाण्याचे पंप व धुलाईयंत्रे त्यावर चालत. विजेच्या तारा खेडोपाडी पोहोचेपर्यंत अशा संचांनी अनेक कुटुंबांची गरज भागवली.

जनरल मोटर्स

१९१६ मध्ये डेल्को कंपनी युनायटेड मोटर्स या समूहात आणि त्या समूहाद्वारे १९१८ मध्ये जनरल मोटर्समध्ये सामील झाली. १९२० पासून केटरिंग यांनी जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाची धुरा सांभाळली. रंगकामाचा वेळ अनेक दिवसांवरून काही तासांवर आणणारा ड्युको हा लवकर वाळणारा रंग ड्यूपाँट कंपनीच्या सहकार्याने तयार झाला. रेल्वेसाठी हलके व शक्तिशाली दुहेरी धावेचे डिझेल इंजिन विकसित करण्यात त्यांच्या विभागाचा मोठा वाटा होता. या इंजिनांमुळे वाफेच्या इंजिनांची सद्दी संपण्यास हातभार लागला.

सर्वच प्रयत्न यशस्वी झाले नाहीत. तांब्याच्या पट्ट्यांद्वारे हवेने थंड होणारे इंजिन १९२३ मध्ये शेव्हरोले गाडीत बसवण्यात आले. ते अतितापत असल्याने विकलेल्या गाड्या कंपनीला परत मागवाव्या लागल्या. १९१८ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले केटरिंग बग हे चालकविरहित, स्फोटके वाहून नेणारे विमान चाचण्यांपर्यंतच पोहोचले. युद्ध संपल्याने त्याचा प्रत्यक्ष वापर झाला नाही. तरी आधुनिक क्रूझ क्षेपणास्त्रांचे पूर्वरूप म्हणून त्याचा उल्लेख केला जातो.

शिसेयुक्त पेट्रोल

बॅटरी प्रज्वलन आल्यावर इंजिनांमध्ये होणाऱ्या ठकठक आवाजाचा दोष काहींनी केटरिंग यांच्या यंत्रणेवर टाकला. हा आवाज इंधन अवेळी व अनियंत्रितपणे पेटल्यामुळे होतो असे त्यांचे मत होते. त्यांच्या विभागातील टॉमस मिजली यांना डिसेंबर १९२१ मध्ये टेट्राइथिल लेड या शिशाच्या संयुगाने हा दोष दूर होत असल्याचे आढळले. १९२३ मध्ये डेटन येथे शिसेयुक्त पेट्रोलची विक्री सुरू झाली आणि १९२४ मध्ये स्थापन झालेल्या इथिल कंपनीचे पहिले अध्यक्ष केटरिंग झाले.

शिसे विषारी असते हे त्या काळीही ज्ञात होते. १९२४ मध्ये न्यू जर्सी राज्यातील शुद्धीकरण केंद्रात हे संयुग तयार करताना विषबाधा होऊन पाच कामगार मृत्युमुखी पडले. १९२५ मध्ये अमेरिकी सरकारने भरवलेल्या परिषदेत सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांनी गंभीर आक्षेप घेतले. तरीही तात्पुरती थांबवलेली विक्री पुढील वर्षी पुन्हा सुरू झाली. पुढील काही दशकांत धुरावाटे हवेत पसरलेल्या शिशाचा विशेषतः मुलांच्या मेंदूच्या वाढीवर दुष्परिणाम होत असल्याचे सिद्ध झाले. भारतात फेब्रुवारी २००० पासून केवळ शिसेविरहित पेट्रोल विकले जाऊ लागले. जगात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री पूर्णपणे थांबण्यास २०२१ साल उजाडावे लागले. मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२८ मध्ये शीतकपाटांसाठी शोधलेला फ्रीऑन वायूही केटरिंग यांच्याच प्रेरणेतून पुढे आला. तो हाताळण्यास सुरक्षित असला तरी ओझोनच्या थराला घातक असल्याचे त्यांच्या मृत्यूनंतर स्पष्ट झाले.

वैयक्तिक जीवन आणि मृत्यू

केटरिंग यांचा विवाह १९०५ मध्ये ऑलिव्ह विल्यम्स यांच्याशी झाला. त्यांचे पुत्र यूजीन यांनी डिझेल रेल्वे इंजिनांच्या विकासात काम केले. प्रकाशसंश्लेषण हा केटरिंग यांच्या आवडीचा विषय होता आणि त्यावरील संशोधनाला त्यांनी अर्थसाहाय्य दिले. १९२७ मध्ये त्यांनी केटरिंग प्रतिष्ठान स्थापन केले. १९४५ मध्ये जनरल मोटर्सचे अध्यक्ष आल्फ्रेड स्लोन यांच्यासह त्यांनी न्यूयॉर्क येथे कर्करोग संशोधनासाठी स्लोन-केटरिंग संस्थेची पायाभरणी केली. १९४७ मध्ये संशोधन प्रमुखपदावरून ते निवृत्त झाले. नोव्हेंबर १९५८ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, डेटन येथे त्यांचे निधन झाले. डेटनलगतच्या केटरिंग शहराला त्यांचे नाव देण्यात आले आहे. फ्लिंट येथील जनरल मोटर्सची अभियांत्रिकी संस्था १९९८ पासून केटरिंग विद्यापीठ म्हणून ओळखली जाते.

भारतातील जुन्या गाड्या आणि केटरिंग यांची यंत्रणा

जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे गाड्यांच्या जुळणीचा कारखाना सुरू केला आणि तो १९५४ पर्यंत चालला. कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात १९४७ पासून क्रायस्लर समूहाच्या डॉज व प्लिमथ गाड्यांची जुळणी होऊ लागली. त्या काळच्या अमेरिकन गाड्यांची विद्युत यंत्रणा सामान्यतः ६ व्होल्टची असे. डॉज व प्लिमथ गाड्यांत बॅटरीचे धन अग्र गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असे. आजच्या गाड्यांत १२ व्होल्टची बॅटरी, ऋण अग्राची जोडणी आणि डायनॅमोऐवजी अल्टरनेटर असतो. जनरल मोटर्सच्या काही गाड्यांत १२ व्होल्टची यंत्रणा १९५३ पासून आली.

या फरकामुळे जपून ठेवलेल्या जुन्या गाडीत मोबाइल चार्जर, दिशादर्शक किंवा नवा रेडिओ बसवताना केटरिंग यांनी सोडवलेलाच प्रश्न उलट्या बाजूने उभा राहतो. आरंभक मोटारीचा भार मोठा पण काही सेकंदांचा असतो. नव्या उपकरणांचा भार लहान पण तासन्‌तास चालणारा असतो. विजेची शक्ती ही दाब व प्रवाह यांचा गुणाकार असल्याने ६० वॅटच्या उपकरणासाठी १२ व्होल्टला ५ अँपिअर, तर ६ व्होल्टला १० अँपिअर प्रवाह लागतो. त्यामुळे जुन्या तारा व जोडण्या अधिक तापतात. ६ व्होल्टवरून १२ व्होल्टचा दाब देणारे परिवर्तक वापरले तरी प्रवाहाची ही गरज कमी होत नाही. परिवर्तकातील नुकसानीमुळे ती थोडी वाढतेच.

डायनॅमोची मर्यादाही महत्त्वाची आहे. अल्टरनेटर मंद गतीलाही उपयुक्त वीज देतो, डायनॅमो देत नाही. उदाहरणार्थ, गडचिरोली जिल्ह्यातील आलापल्ली–भामरागड यांसारख्या जंगलरस्त्यावरून रात्री सावकाश जाणाऱ्या ६ व्होल्टच्या गाडीत ३५ वॅटचे दोन दिवेच सुमारे १२ अँपिअर प्रवाह घेतात. त्यात प्रज्वलनाची आणि चार्जरची भर पडली की डायनॅमोची तूट बॅटरी भरून काढते. थांबल्यानंतर इंजिन पुन्हा सुरू करण्याइतकी वीज तिच्यात उरेलच असे नाही. अशा वेळी जुन्या गाडीतील हँडलची सोय पुन्हा उपयोगी पडते.

धन अग्र सांगाड्याला जोडलेल्या गाडीत आणखी एक धोका असतो. आधुनिक रेडिओचे धातूचे आवरण आणि चार्जरच्या वायरीच्या टोकाची धातूची कड ऋण अग्राला जोडलेली असते. ती गाडीच्या सांगाड्याला टेकली तर सरळ शॉर्ट सर्किट होते. म्हणून विद्युतदृष्ट्या अलग असलेला परिवर्तक, सांगाड्यापासून दूर ठेवलेली उपकरणे आणि प्रत्येक नव्या तारेसाठी बॅटरीजवळ स्वतंत्र फ्यूज आवश्यक असतो. काही मालक संपूर्ण गाडी १२ व्होल्टवर नेतात. ६ व्होल्टची आरंभक मोटार १२ व्होल्टवर अधिक वेगाने फिरते, पण काही सेकंदांच्या वापरात ती सहसा टिकते. याचे कारण केटरिंग यांनी ओळखलेले अल्पकाळाच्या भाराचे तत्त्वच होय. सतत प्रवाह घेणारे दिवे, प्रज्वलन कॉइल आणि मापके मात्र बदलावी लागतात किंवा त्यांना कमी दाब द्यावा लागतो. एलईडी दिव्यांनी भार बराच घटतो. परंतु त्यांना अग्रांची योग्य दिशा लागते, आणि जुना उष्णतेवर चालणारा इंडिकेटरचा फ्लॅशर इतक्या कमी प्रवाहावर नीट चालत नाही. नव्या उपकरणांसाठी वेगळी लहान बॅटरी ठेवून ती घरी चार्ज करणे हा मूळ तारांना हात न लावणारा पर्याय आहे.

मूळ रचना राखण्याला भारतात कायद्याचाही आधार आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली दुचाकी व चारचाकी वाहने विंटेज म्हणून नोंदवता येतात. त्यासाठी वाहन मूळ स्वरूपात असणे आणि त्याचा सांगाडा, बाह्यांग व इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसणे आवश्यक आहे.